दांडेकरांचा प्रश्न: कलकत्त्यातील एका वर्गात जन्मलेली असमानता

संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात क्रॅमर-राव असमानता बहुधा शेवटच्या वर्षाला येते. सूत्र फळ्यावर लिहिले जाते, चार-पाच ओळींत सिद्धता संपते आणि विद्यार्थी ती परीक्षेसाठी पाठ करतात. ही असमानता कलकत्त्याच्या एका वर्गात विद्यार्थ्याने विचारलेल्या शंकेतून निघाली आणि तो विद्यार्थी साताऱ्याचा होता, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

ही शंका तेथेच का निघाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. केंब्रिजहून परतताना त्यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड सोबत आणले होते. हा मनुष्य आकड्यांत रमतो असे कळल्यावर लोक आपापल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. १९१७ मध्ये आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल तपासण्यासाठी त्यांची मदत मागितली. १९२० च्या नागपूर येथील सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिसर्वेक्षण विभागाचे नेल्सन अॅनन्डेल भेटले. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे त्यांच्याकडे पडून होती. त्यांचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न. ‘महालनोबिस अंतर’ म्हणून आपण जे शिकतो, त्याची वाट तेथून सुरू होते.

पुराचा प्रश्न त्याहून गंभीर होता, कारण त्याच्या उत्तरावर गावे आणि सरकारी खजिना दोन्ही अवलंबून होते. १९२६ मध्ये ओडिशातील ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांध आणखी उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत नाही, असे दाखवले. त्यांचा सल्ला वरच्या भागात धरणे बांधून पाणी अडवण्याचा होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हाताशी नोंदी होत्या त्या साठ वर्षांच्याच. त्यांत भर घालणे कोणाच्याही हातात नव्हते, आणि निर्णय तर तेवढ्यावरच घ्यायचा होता.

अशा कामांतून प्रेसिडेन्सी कॉलेजातली संख्याशास्त्राची प्रयोगशाळा वाढली आणि डिसेंबर १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पहिल्या वर्षाचा तिचा खर्च अवघा २३८ रुपये होता. १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्रात एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत सी. आर. राव होते. युद्धकाळात नोकरीच्या शोधात ते कलकत्त्याला आले, ती नोकरी मिळाली नाही आणि ते या संस्थेत दाखल झाले. १९४३ मध्ये ते एम. ए. झाले आणि लगेच शिकवूही लागले. त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांत विनायक महादेव दांडेकर होते. गुरू आणि शिष्य दोघांचेही जन्मसाल १९२०!

एके दिवशी राव आर. ए. फिशर यांचा निष्कर्ष शिकवत होते. नमुना अतिशय मोठा होत जातो तेव्हा अंदाजाचे प्रचरण, म्हणजे त्याची इकडेतिकडे होण्याची प्रवृत्ती, एका ठरावीक मर्यादेखाली जाऊ शकत नाही, असा तो निष्कर्ष. ती मर्यादा ‘फिशर माहिती’ या राशीचा व्यस्त असते. दांडेकरांनी विचारले की, हे मर्यादित आकाराच्या नमुन्यासाठी का सिद्ध करू नये? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न माझ्या मते त्या शहराच्या कामाशी नीट जुळणारा होता. शेतातले तुकडे मोजके असतात, पुराच्या नोंदी मोजक्या असतात; अनंत नमुना कोणालाच मिळत नाही.

राव यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितले आहे की, त्या रात्री घरी बसून त्यांनी सिद्धता शोधली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मांडली. युक्ती लहान आहे. संभाव्यता फलनाच्या लॉगॅरिथमचे अज्ञात संख्येसंदर्भात अवकलन केले की एक राशी मिळते. तिचे प्रचरण म्हणजेच फिशर माहिती. अंदाजसूत्र अनभिनत असेल, म्हणजे सरासरीने बरोबर उत्तर देत असेल, तर त्याचे आणि या राशीचे सहप्रचरण नेमके १ येते. सहप्रचरणाचा वर्ग दोन्ही प्रचरणांच्या गुणाकाराहून मोठा असू शकत नाही. झाले! अवकलन आणि संकलन यांचा क्रम बदलता येण्यासारख्या काही अटी पाळल्या, की नमुना कितीही लहान असो, मर्यादा लागू पडते.

उदाहरण घेऊ. मोठ्या गावातील १०० कुटुंबे यदृच्छ निवडली आणि ‘कर्ज आहे का?’ असे विचारले. खरे प्रमाण निम्मे असेल, तर नमुन्यातील प्रमाणाचे प्रमाण विचलन ५ टक्के बिंदू येते. याहून हुशार अनभिनत सूत्र शोधू म्हणाल तर ते सापडणार नाही, हे ही असमानता सांगते. विचलन अडीचवर आणायचे असेल तर ४०० दारे ठोठवावी लागतील.

हा निष्कर्ष १९४५ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनचे हाराल्ड क्रॅमर यांच्या १९४६ च्या ग्रंथात तोच स्वतंत्रपणे आला, म्हणून जोडनाव पडले. फ्रान्सचे मॉरिस फ्रेशे यांनी १९४३ मध्येच त्याला स्पर्श केला होता, म्हणून काही जण त्यांचेही नाव जोडतात. त्याच लेखाच्या गौरवार्थ २०२३ मध्ये राव यांना आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निधन पावले.

दांडेकर पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले आणि त्यांनी अधिक अवघड प्रश्न हाती घेतला: देशात गरीब किती? नीळकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये त्यांनी दिलेल्या उत्तरामागे महालनोबिसांनीच उभारलेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे होते. रोज माणशी २२५० कॅलरी मिळण्यास १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे धरून त्यांनी हिशेब केला. त्यात ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरीपैकी जवळपास निम्मी रेषेखाली आली.

त्यावर आक्षेप घेणारे पां. वा. सुखात्मे हेही सातारा जिल्ह्यातलेच आणि काही काळ कलकत्त्यात काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरी गरजेलाच रेषा मानले, तर निरोगी माणसेही उपाशी म्हणून मोजली जातील, असे त्यांचे म्हणणे. रेषा सरासरीच्या खाली, प्रमाण विचलनाच्या दुपटीने उतरवावी, असे त्यांनी सुचवले. दांडेकरांना ते मान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर लढवला, आणि कोट्यवधी लोक भुकेले गणायचे की नाही, हे त्यात प्रचरणाच्या एका आकड्यावर येऊन ठेपले होते.