उजनीतला मासा आणि जाळ्याची आस

उजनीचा मासा म्हणजे चिलापी, असंच आपल्या पोरांना वाटतं. पण चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ मध्ये आणली. मग त्याआधी भीमेत काय होतं, आणि नंतर काय झालं, ते आज सांगते.

भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. पाणी माढ्यापासून करमाळा, इंदापूर, दौंडकडे पसरलं. गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, पाणी आटलं की अजून वर दिसतं. धरणामुळे ऊस आला, हे सगळेच सांगतात. नदीतल्या माशाचं नाव कुणी काढत नाही.

नदीतले कितीतरी मासे पावसाळ्यात पुराच्या पाण्यावर चढून जातात आणि अंडी घालतात. भिंत आडवी आली की वाट तुटली. म्हणून धरणात बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे, साचलेल्या पाण्यात ते विणत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करून आणत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क माशालाच टोचून त्याला अंडी घालायला लावली. तेव्हापासून हे बीज तळ्याकाठी तयार होऊ लागलं. आपण बोटुकली म्हणतो ती अशी आली.

चिलापीला यातलं काही लागत नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते. पिलं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते. वर्षातून अनेकदा विते. (आई म्हणून तिला नावं ठेवणं मला जड जातं.) पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, पाणी हिरवं होतं, त्यातही ती तग धरते. तिच्या गर्दीत बाकीच्या माशांना जागा आणि चारा कमी पडतो.

त्यात बारीक आसाचं जाळं. सोडलेली बोटुकली किलोची व्हायच्या आधीच त्यात अडकते. गटाच्या भाषेत सांगायचं तर, ठेव मुदतीआधी मोडली.

आमच्या गटात एक ताई जाळ्यासाठी कर्ज मागायला आल्या. आम्ही विचारलं, आस केवढी? त्या चिडल्या. म्हणाल्या, "मोठ्या आसाचं घेतलं तर लहान मासा सुटतो, आणि शेजारचा बारीक जाळ्यानं तोच काढतो. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा हप्ता कुठून भरू?"

त्यांचं खोटं नव्हतं. दोन बैठका वाद झाला. शेवटी मोठ्या आसाच्या जाळ्याला कर्ज दिलं, आणि बंदीच्या महिन्यांत हप्ता घ्यायचा नाही असं ठरवून वहीत लिहिलं. शेजारच्या गटालाही ती वही दाखवली. त्यांची बैठक येत्या मंगळवारी आहे.