वऱ्हाडातील तणमोर आणि ३० इंचांचे वर्तुळ

१८७५ साली लंडनमध्ये ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने बंदुकांची जाहीर चाचणी घेतली. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळली, तर मारा अधिक दाट होतो का, हा वाद होता. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या आवळ नळ्यांनी तो निकालात काढला.

छर्ऱ्याच्या बंदुकीची पारख पुढे एका ठरावीक रीतीने होऊ लागली. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, मोठा कागद ताणून त्यावर बार काढायचा. छर्रे जिथे दाट पडले, त्याभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून आतील भोके मोजायची. पूर्ण आवळ नळीचे शेकडा ७० छर्रे आत यावेत, सरळ नळीचे ४०. मारा नेमाच्या बाजूला सरकतो का, हे त्यावरून कळे; मधल्या मोकळ्या जागाही दिसत. तित्तर त्या जागेतून निसटला तर ठीक. एखादाच छर्रा लागून गवतात शिरला, तर तो शिकाऱ्यालाही मिळत नसे आणि जगतही नसे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता आणि १८६७ मध्ये भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला, बडनेरा ही त्यावरचीच स्थानके. काळ्या मातीच्या या मुलखातील गवताळ माळांवर तित्तर, लाव्हे आणि तणमोर होते.

तणमोराच्या बाबतीत मात्र कागदावरचे हे सारे गणित निरर्थक ठरले. पावसाळ्यात नर एकाच ठरलेल्या जागी उभा राहतो आणि मादीला दिसावे म्हणून गवताच्या वर उसळ्या मारतो, दिवसभरात शेकडो वेळा. लपलेला पक्षी स्वतःच आपला ठावठिकाणा सांगतो. अशा पक्ष्यावर नेम धरण्यात कसले आले कसब! विणीच्या हंगामातील या शिकारीची खंत त्या काळच्या इंग्रज पक्षितज्ज्ञांनीही नोंदवली आहे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत तणमोराचा गट होता. बंदीचा काळ ठरवणे मात्र प्रांतिक सरकारांवर सोडलेले होते.

दोष एकट्या बंदुकीचा नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, आणि वऱ्हाडातील कुरणे कपाशीखाली जात राहिली. मारलेल्या पक्ष्यांची जागा पुढच्या विणीत भरून निघू शकते. नांगरलेल्या कुरणात वीणच होत नाही.

याच माळांवर फासेपारधीही पक्षी धरीत. त्यांची विद्या निराळी: पक्षी कोणत्या वाटेने चालतो हे ओळखून तिथे फास मांडायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साहेबी शिकारीचा छंद संपला, पारध्यांची मात्र उपजीविकाच गुन्हा ठरली. अकोला–वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था आता फासेपारध्यांच्या सोबतीने गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचे काम करीत आली आहे. तणमोर कोणत्या गवतात उतरेल, हे ओळखण्यासाठी तिथे त्याच जुन्या विद्येचा आधार घेतला जातो.