पालथं झोपणं

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. कोरोनाचं नाव काढलं की लोक पान उलटतात हे मला ठाऊक आहे, पण हा लेख तसा कोरोनावर नाही. तो आहे पालथं झोपण्यावर. हसू नका! फुप्फुसं निकामी होत चाललेल्या माणसाला उताणं ठेवायचं की पालथं घालायचं, या एका प्रश्नावर डॉक्टर मंडळींची जवळपास चाळीस वर्षं गेली. उत्तर हाती येऊन सात-आठ वर्षं होतात न होतात तोच ते आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घराघरांतल्या खाटेपर्यंत येऊन पोचलं.

आपल्याकडे पालथं झोपण्याला चांगलं नाव नाही. तान्हं बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की केवढं कौतुक, पण मोठं माणूस तसं झोपलं की घरातलं कुणीतरी हटकणारच. (बाळांच्या बाबतीत तर १९९० च्या दशकापासून उलटाच सल्ला आहे. बाळाला झोपवायचं ते उताणंच. तेव्हा हे वाचून कुणी घरातल्या तान्हुल्यावर प्रयोग करू नये.)

मुळात हा आजार काय? १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा रुग्णांची हकीकत छापली. कुणाला अपघात झालेला, कुणाला न्यूमोनिया, पण शेवट सगळ्यांचा सारखाच. फुप्फुसांत पाणी भरतं, ती जड आणि ताठर होतात आणि कितीही ऑक्सिजन दिला तरी रक्तात पोचत नाही. यालाच पुढे एआरडीएस म्हणू लागले. नाव नवं असलं तरी मरण जुनंच असावं. १९१८ च्या साथीत, जिला आपल्याकडचे जुने लोक मानमोडी म्हणत, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वात जास्त माणसं गेलेल्या भागांपैकी एक होता. तेव्हा ऑक्सिजन नाही, व्हेंटिलेटर नाही. माणूस निळा पडायचा आणि जायचा.

१९७४ मध्ये ब्रायन नावाच्या डॉक्टरांनी सुचवलं की अशा रुग्णाला पालथं ठेवलं तर पाठीकडच्या फुप्फुसात हवा जास्त जाईल. दोन वर्षांनी पील आणि ब्राऊन या दोघांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. पालथं केलं की रक्तातला ऑक्सिजन वाढतो. पाचच रुग्ण! पण त्या पाचांवरून गाडी सुरू झाली.

का वाढतो, याचा शोध मिलानच्या लुचियानो गातिनोनी यांनी घेतला, आणि मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वात आवडतो. त्यांनी १९८० च्या दशकात रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. तोवर एक्स-रे पाहून वाटायचं की फुप्फुस सगळीकडे सारखंच बिघडलंय. स्कॅनमध्ये दिसलं वेगळंच. उताण्या रुग्णात वरचा, म्हणजे छातीकडचा भाग बऱ्यापैकी मोकळा आणि पाठीकडचा भाग गच्च. चांगलं उरलेलं फुप्फुस एखाद्या लहान मुलाच्या फुप्फुसाएवढं. मग रुग्णाला पालथं केलं, तर काही मिनिटांत तो गच्चपणा पाठीकडून छातीकडे सरकला. आतलं पाणी काही इतक्या लवकर वाहत जात नाही. मग झालं काय? ओला स्पंज डोळ्यापुढे आणा. तो आपल्याच वजनाने खालच्या बाजूला दबतो, त्याची छिद्रं मिटतात. उलटा केला की दबलेली बाजू वर येऊन उघडते.

आता यात मेख अशी की आपल्या फुप्फुसाचा मोठा वाटा पाठीकडे असतो. उताणं झोपलं की त्यावर हृदयाचं वजन, खालून पोटाचा रेटा. पालथं केलं की हृदय छातीच्या हाडावर टेकतं आणि पाठीकडचा तो मोठा भाग श्वासाला मोकळा होतो. रक्त मात्र पालथं केल्यावरही बरंचसं पाठीकडच्या भागातूनच वाहत राहतं. हवा आणि रक्त एका जागी भेटले की काम झालं. इतकं साधं!

पण साधं असून पटायला वेळ लागला. २००१ साली गातिनोनींनीच इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या ३०४ रुग्णांवर रीतसर चाचणी केली. ऑक्सिजन वाढला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. २००४ मध्ये फ्रान्सच्या क्लोद गेरँ यांनी ७९१ रुग्णांवर पाहिलं. तेच. एखाद्याने नाद सोडला असता. गेरँनी सोडला नाही. त्या चाचण्यांत रुग्ण दिवसाला सात-आठ तासच पालथे असत, आणि त्यात कमी गंभीर रुग्णही होते. त्यांनी फक्त गंभीर रुग्ण घेतले आणि एका वेळी किमान सोळा तास पालथं ठेवलं. २०१३ मध्ये निकाल आला. ४६६ रुग्ण. २८ दिवसांत उताण्या गटातले ३२.८ टक्के दगावले, पालथ्या गटातले १६ टक्के. निम्मे! महागडं औषध नाही, नवं यंत्र नाही, माणूस फक्त उलटा केला. पुढच्याच वर्षी याच आकड्यांवरून असंही दिसलं की ज्यांचा ऑक्सिजन वाढला तेच वाचले असं नव्हतं. म्हणजे खरा फायदा व्हेंटिलेटरचा मार फुप्फुसभर सारखा वाटला जाण्याचा असावा. पाच वर्षांनी छापल्या गेलेल्या एका पाहणीत मात्र एआरडीएसच्या जेमतेम १४ टक्के रुग्णांना पालथं केलं जात होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच की काय! आणि पहिल्या कोरोना लाटेत इटलीतल्या २४ अतिदक्षता विभागांत ते प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं. गरज पडली की सगळं सुचतं. असो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. विदर्भातला कोरोनाचा पहिला मृत्यू बुलडाण्यातला, २८ मार्च २०२०. तेव्हा जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. जवळचं सरकारी म्हणजे अकोल्याचं, नाहीतर औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सने बुलडाण्यातल्या सरकारी इमारतीत शंभरावर खाटांचं कोविड रुग्णालय उभं करून दिलं. महाराष्ट्रात त्यांनी अशा दोनच जागा निवडल्या होत्या, दुसरी सांगली. पण खाटा म्हणजे माणसं नव्हेत. नळी घातलेल्या रुग्णाला पालथं करायला चार-पाच जण लागतात. एक जण फक्त डोक्याशी, नळी धरून. ती निसटली तर संपलं. मग दर थोड्या वेळाने मान फिरवायची, डोळे जपायचे, गालावर-गुडघ्यावर व्रण पडू द्यायचे नाहीत. गेरँच्या चाचणीत ज्यांना या कामाचा पाच वर्षांहून जास्त अनुभव होता असेच विभाग घेतले होते. आपल्याकडच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय पीपीई किट घालून, उन्हाळ्यात, काही आठवड्यांत हे शिकले.

दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती विभागाला फेब्रुवारी २०२१ मध्येच लागली आणि एप्रिलपर्यंत खाटा संपल्या. त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने घरच्या घरी पालथं झोपण्याची चित्रं काढली. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नको, गरोदरपणात नको.

घाटाखाली राहणाऱ्या माझ्या मामांचा आकडा तेव्हा ८९ होता. आम्ही अकोला, बुलडाणा, जळगाव, औरंगाबाद असे फोन लावत होतो, इकडे मामेभावाच्या मोबाईलवर ते चित्र आलेलं. घरात पाच उशा कुठल्या? गोधड्यांच्या घड्या केल्या. मामा चिडले, "पालथं झोपाले मी काय लहान लेकरू आहो का रे?" मामी म्हणाल्या, "अहो, झोपा गुमान, मी पाय चेपते." अर्ध्या तासात ९३. लघवीला उठले की पुन्हा ९०. तीन दिवस घर त्या आकड्याकडे बघत बसलं, मग खाट मिळाली. मामा परत आले.

पालथं झोपल्यामुळे वाचले असं मात्र मी म्हणणार नाही. नळी घातलेल्या माणसाबद्दलचा पुरावा शुद्धीतल्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२० साली ५० रुग्णांवर पाहिलं तेव्हा पाच मिनिटांत आकडा ८४ वरून ९४ वर गेला होता, हे खरं. पण पुढे सहा देशांतल्या ११०० वर रुग्णांच्या अभ्यासात नळी लागण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण ४६ वरून ४० टक्क्यांवर आलं, आणि तो फरक नळी टळण्यातला होता. मृत्यूंत ठोस फरक नव्हता. आणि तेही सगळे रुग्णालयातले, ऑक्सिजन लावलेले. घरातल्या गोधड्यांवरचे नव्हेत. मंत्रालयाचा सल्ला चुकीचा नव्हता, वेळ मिळवून देणारा होता. पण तो वेळ मिळवायचा होता खाट मिळेपर्यंत, आणि ती मिळेल की नाही हे त्या चित्रात नव्हतं. आमच्या गल्लीतल्या दोघांना मिळाली नाही. तेही पालथेच झोपले होते.

बुलडाण्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, शंभर जागांचं. तुमच्यापैकी कुणी त्या दोन वर्षांत जिल्ह्यातल्या कोविड वॉर्डात काम केलं असेल तर जरूर लिहा. रात्रीच्या पाळीला चार माणसं कुठून आणत होता, डोक्याशी कोण उभं राहायचं, हे मला ऐकायचं आहे.