थेंबाच्या कडेला

साल १८६१. पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या आवारात, लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेत तुम्ही आला आहात. जागेची इतकी चणचण, की द्रावणं उबवायची खोली जिन्याखाली कोंबलेली. आत जायचं तर गुडघे टेकून. नाकात खवट लोण्याचा वास भिनतो. तो ब्युटिरिक आम्लाचा. पाहुणचार काय तो एवढाच.

त्या द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, वर पातळ काच ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. मधोमध दंडाकृती जंतू वळवळत पळताहेत. पट्टी जरा सरकवून थेंबाची कड बघा. हवा लागते तिथे सगळे निपचित! प्राणवायूविना जीव तगत नाही, असं धरून चालणाऱ्या काळात प्राणवायूच जीव घेतोय. भांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडला तर जंतूंना ढिम्म फरक पडत नाही. साधी हवा तास-दोन तास सोडली, की ते मरतात आणि आंबणंही थांबतं.

यीस्टची गोष्ट याहून मजेदार, कारण ते दोन्हीकडे जगतं. हवा असताना एक भाग यीस्ट वाढायला ४ ते १० भाग साखर पुरते. हवा तोडली, की तेवढ्याच वाढीला ६० ते १०० भाग लागतात.

कारण तुमच्या जिभेवर येईल, पण पाश्चरना सांगून उपयोग नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, सापडायला १९२९ उजाडायचंय. हवेविना ग्लुकोजचा रेणू अर्धवटच तुटतो. पेशीच्या पदरात निव्वळ २ एटीपी पडतात, बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच राहते. प्राणवायू असला, की तोच रेणू मायटोकाँड्रियाच्या मदतीने पार पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत तुटतो आणि कितीतरी जास्त एटीपी मिळतात. यात प्राणवायूचं काम एकच: मायटोकाँड्रियात इलेक्ट्रॉन पुढे पुढे सोपवणाऱ्या साखळीच्या टोकाशी आलेले इलेक्ट्रॉन उचलायचे. तो नसला, की मागचं सगळं तुंबतं. मग यीस्ट ते इलेक्ट्रॉन अल्कोहोल बनवण्यात खपवतं. जिने धावत चढताना तुमच्या पोटऱ्याही तीच वाट धरतात, फक्त अल्कोहोलऐवजी लॅक्टेट बनवतात. (बरंच आहे म्हणायचं.)

पुढे पावाचं यीस्ट करणारे कारखाने हाच हिशेब उलटा वापरतील. त्यांना यीस्ट हवं, दारू नको. म्हणून टाकीत सतत हवा सोडायची आणि साखर मात्र हात राखून घालायची.