आटपाडीचें स्वतंत्रपूर

‘दो आँखें बारह हाथ’ (इ. स. १९५७) या चित्रपटावरून एक अधिकारी व सहा कैदी म्हणजेच स्वतंत्रपूर, असा ग्रह पुष्कळांचा झालेला आढळतो. तो दुरुस्त करणें अवश्य आहे.

ती कथा ग. दि. माडगूळकरांची, ते स्वतः माणदेशचेच. मूळ प्रयोग मात्र औंध संस्थानचा. औंधाधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें मॉरिस फ्रीडमन या पोलंडांत जन्मलेल्या इंजिनियरानें इ. स. १९३९ मध्यें आटपाडीजवळ ही वसाहत उभारली. भोंवतीं तट नाहीं. पाऊस अत्यल्प, जमीन माळाची. ती कसून पिकाखालीं आणणें हें बंदिवानांचें काम. बायकामुलेंही त्यांजपाशीं राहात. प्रस्तुत लेखकाचे मतें प्रयोगाचें मर्म येथेंच आहे: पळूं पाहणाऱ्यास आपलें शेत व आपलीं माणसें मागें टाकावीं लागत. तटानें हें कार्य साधलें नसतें. चित्रपटांत अधिकाऱ्याची धीरोदात्त मूर्तिच अधिक ठसते, हा नाट्याचा धर्मच म्हणावयाचा!

इ. स. १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें. वसाहत पुढें सरकारी तुरुंगखात्याकडे चालू राहिली.

या वसाहतीचे औंधकालीन कागद कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं ते मंडळास दाखवावे. पेरणीचा एखादा हिशेबही चालेल.