सल्ला आणि शिक्का

राज्यकर्त्यांनीं जाणत्यांचा सल्ला घ्यावा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सल्ला देणाऱ्याच्या हातीं शिक्का नसतो आणि खजिनाहि नसतो. त्याच्यापाशीं असतो तो केवळ शब्द. अरण्यें, नद्या व डोंगर यांच्या रक्षणाकरितां भारत सरकारनें वेळोवेळीं जीं सल्लागार मंडळें नेमलीं, त्यांच्या इतिहासांत या शब्दानें एकदां धरण थांबविलेलें दिसतें, तर एकदां तोच शब्द दप्तरांत अडकून पडलेला दिसतो. हा भेद कशामुळें पडला, हें पाहणें उद्बोधक आहे.

मानवी पर्यावरणाविषयींची संयुक्त राष्ट्रांची परिषद १९७२ सालीं स्टॉकहोम येथें भरली. त्याच वर्षीं भारत सरकारनें पर्यावरणाचें नियोजन व समन्वय यांसाठीं एक राष्ट्रीय समिती स्थापिली आणि तिचें अध्यक्षपद पीतांबर पंत यांच्याकडे दिलें. या समितीस कोणतेंहि काम बंद पाडण्याचा अधिकार नव्हता. तिनें मत द्यावें आणि सरकारनें ऐकावें, एवढीच योजना होती.

तिच्या कसोटीचा प्रसंग लवकरच आला. केरळांतील पालक्काड जिल्ह्यांत सायलेंट व्हॅली नांवाचें सदाहरित अरण्याचें खोरें आहे. त्यांतून कुंतीपुझा नदी वाहते, आणि दुर्मिळ असे सिंहपुच्छ वानर तेथें राहतात. त्या नदीवर धरण बांधून वीज काढावी, असा राज्याच्या वीज मंडळाचा बेत होता. राष्ट्रीय समितीनें पक्षिनिरीक्षक जफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखालीं १९७६ सालीं एक अभ्यासगट नेमला. धरण बांधूं नये, असें त्या गटाचें मत पडलें. परंतु बांधणें अटळच असेल, तर कोणती दक्षता घ्यावी याची यादीहि त्यानें अहवालास जोडली होती. राज्य सरकारनें मत बाजूस ठेवलें आणि यादी तेवढी उचलली! १९७९ सालीं त्या दक्षतेचा कायदाहि झाला, आणि सल्ल्याचा जणूं परवानाच बनला.

येथें प्रकरण संपलें असतें. परंतु केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनीं हा विषय मलयाळम भाषेंतून लोकांपुढें नेला. शिक्षकांनीं व शास्त्रज्ञांनीं व्याख्यानें दिलीं; सुगतकुमारींसारख्या कवयित्री पुढें आल्या. पुढें केंद्र व राज्य यांनीं मिळून प्रा. एम. जी. के. मेनन यांची समिती नेमली. १९८३ सालीं तिचा अहवाल आला, आणि त्याच वर्षीं धरणाचा बेत रद्द झाला. नोव्हेंबर १९८४ मध्यें तें अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालें.

मेनन समितीच्या सभासदांत माधव गाडगीळ हे होते. मार्च २०१० मध्यें केंद्र सरकारनें पश्चिम घाटाचा अभ्यास करण्यासाठीं तज्ज्ञांचें मंडळ नेमलें, त्याचे अध्यक्ष तेच झाले. ऑगस्ट २०११ मध्यें मंडळानें अहवाल दिला. सबंध घाट संवेदनशील मानावा; मात्र सर्वत्र सारखेच निर्बंध न घालतां त्याच्या तीन श्रेणी कराव्या; आणि शेवटचा निर्णय ग्रामसभांच्या विचारानें व्हावा, असा त्याचा आशय होता.

हा अहवाल कित्येक महिने प्रसिद्धच झाला नाहीं. केंद्रीय माहिती आयोगानें आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयांत गेलें, तेव्हां कोठें मे २०१२ मध्यें तो बाहेर आला. तोहि इंग्रजींत! ग्रामसभांनीं ज्याचा विचार करावयाचा, तो ग्रामस्थांच्या भाषेंत नव्हता. मग शेती बंद पडणार, घरें उठणार, अशा वार्ता मात्र गांवोगांव पोंचल्या. ऑगस्ट २०१२ मध्यें डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरा गट नेमला गेला. त्यानें एप्रिल २०१३ मध्यें घाटाचा सुमारें ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवावा, असें सुचविलें. तेंहि राज्यांना जड वाटलें.

३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. बरोबर दहा वर्षांनीं, ३० जुलै २०२४ रोजीं, वायनाडमध्यें डोंगर कोसळून शेंकडों लोक मृत्यु पावले. दुसऱ्याच दिवशीं पश्चिम घाटाविषयींच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. अंतिम अधिसूचना तोंवर निघालेली नव्हती.

अतिवृष्टि कोणत्याहि समितीच्या सांगण्यानें थांबत नाहीं, हें खरें. परंतु कोणत्या उतारावर काय करूं नये, हें आधीं सांगतां येतें, आणि तें सांगण्यासाठींच समित्या नेमतात. केरळांत शास्त्रज्ञांचें म्हणणें लोकांनीं आपलें मानलें, म्हणून सरकारास तें ऐकावें लागलें. सह्याद्रीच्या बाबतींत तें लोकांपर्यंत पोंचलें तें उशीरा आणि परक्या भाषेंत. सल्लागारांचा अहवाल सरकारला सादर होतो हें योग्यच. पण ज्यांच्या डोंगराविषयीं तो लिहिलेला असतो, त्यांच्या हातीं तो त्याच दिवशीं, त्यांच्याच भाषेंत पडला पाहिजे.