रक्ताची पत्रिका जुळवून सिकलसेल थांबेल?

विदर्भात सिकलसेलवर बोलणाऱ्या व्यासपीठावरून एक सल्ला हमखास मिळतो: लग्न ठरवताना जन्मपत्रिका पाहू नका, रक्ताची पत्रिका पाहा. वधू-वर परिचय मेळाव्यांत तो दिला जातो, महाविद्यालयांतल्या तपासणी शिबिरांत दिला जातो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तर हातात द्यायच्या कार्डाच्या रूपाने त्याला सरकारी बळही आले आहे. सल्ला देणारे लोक तळमळीचे आहेत; अनेकांनी या कामात उमेदीची वर्षे घातली आहेत. तरीही हा सल्ला सिकलसेल रोखण्याचा मुख्य उपाय म्हणून मांडणे मला चूक वाटते. त्याने साधते थोडे आणि त्याचा भार चुकीच्या माणसांवर, बहुतेकदा मुलींवर पडतो. मुख्य उपाय गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आहे आणि तिकडे आपले लक्ष फार कमी आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. रक्तातले हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असेल तर माणूस वाहक, आपल्याकडच्या बोलीत ‘एएस पॅटर्न’. तो सहसा ठणठणीत असतो. दोन्ही सदोष असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची. वाहकाचे लग्न निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशी झाले तर एकही मूल एसएस होत नाही. मग दोन एएस एकत्र येऊच दिले नाहीत तर गर्भजल काढायला नको, गर्भपाताचा पेच नको, खर्च नको. जनुकशास्त्र म्हणून यात चूक काढता येत नाही. अडचण आहे ती तपासणीत, हिशेबात आणि माणसांच्या वागण्यात.

तत्पूर्वी सिकलसेलला जन्मदोष म्हणायचे का, हे पाहू. जन्मदोष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फाटलेला ओठ, वाकडे पाऊल किंवा पाठीवरची गाठ येते, आणि घरातली मोठी माणसे आईला विचारतात, ग्रहणात काही चिरलेस का? गर्भाचा वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास बंद होते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने त्यात काहीच बदलू शकत नाही. खरी कारणे वेगळी आहेत: जनुकांतले आणि गुणसूत्रांतले दोष, रुबेलासारखे संसर्ग, काही औषधे, आईचा अनियंत्रित मधुमेह, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता; आणि कितीतरी बाळांच्या बाबतीत नेमके एक कारण सांगता येत नाही. ‘मार्च ऑफ डाइम्स’ या अमेरिकी संस्थेने २००६ मध्ये जगभरच्या जन्मदोषांचा अहवाल काढला. त्यात सर्वाधिक आढळणाऱ्या पाच गंभीर दोषांत हृदयाचे दोष, मज्जारज्जूच्या नळीचे दोष, डाउन सिंड्रोम आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता यांच्या बरोबरीने हिमोग्लोबिनचे विकारही आहेत. सिकलसेल त्यांतलाच.

मात्र हा दोष दिसत नाही. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते, त्यात बीटा-ग्लोबिनचा भाग नसतो. त्यामुळे एसएस बाळही पोटात व्यवस्थित वाढते आणि गुटगुटीत जन्माला येते. प्रौढ हिमोग्लोबिन वाढू लागल्यावर, साधारण पाच-सहा महिन्यांनी, हातापायांना वेदनेची सूज येते आणि घराला पहिल्यांदा शंका येते. अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदय, मणका, ओठ तपासता येतात. सिकलसेल तपासता येत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर विदर्भातले वाहक जोडपे निश्चिंत राहते, ते यामुळेच.

आता तपासणीकडे वळू. शिबिरात बोटाच्या थेंबावर अनेकदा होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. ती फक्त एवढेच सांगते की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे की नाही. एएस की एसएस हेही ती सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ज्याला ‘निगेटिव्ह’ ठरवते तो माणूस बीटा-थॅलेसेमियाचा, म्हणजे त्याच जनुकाच्या दुसऱ्या विकाराचा, वाहक असू शकतो. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलाला चारात एक शक्यतेने सिकल-थॅलेसेमिया होतो, आणि तो एसएसइतकाच जाचक असू शकतो. नागपुरात हा मुद्दा पुस्तकी नाही. जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमियाचे वाहक अनेक घरांत आहेत, आणि आंतरजातीय लग्ने आता या शहराला नवी नाहीत. ‘एस’पुरते कार्ड जुळवणारे जोडपे त्या भरवशावर फसू शकते.

हिशेब त्याहून बोलका आहे. विदर्भातल्या काही समाजगटांत वाहकांचे प्रमाण पाचांत एकापर्यंत आढळले आहे. तिथे स्वाभाविकपणे होणाऱ्या लग्नांत पंचविसात एक जोडपे दोन्ही वाहकांचे असणार, आणि शंभरात एक बाळ एसएस. कार्डाने हे जोडपे टाळले असे मानू. तरी प्रत्येक एएसचे निर्दोष जोडीदाराशी लग्न झाले की त्यांची सरासरी अर्धी मुले पुन्हा एएस होतात. जनुक जिथे होते तिथेच राहते. पुढच्या पिढीला तेच कार्ड, तीच धास्ती, आणि हे असेच पिढ्यान्‌पिढ्या. याला नियंत्रण म्हणता येईल, उच्चाटन नाही. हे जनुक आपल्याकडे टिकले तेही एका कारणाने: १९५४ मध्ये अ‍ॅलिसन या संशोधकाने आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरियाने माणसे नेली तिथे एएस माणसे वाचली. त्यांच्या वंशजांना आज ‘दोष असलेले’ म्हणून वेगळे काढणे अन्याय आहे.

आणि वेगळे काढले जातेच. शास्त्र सांगते की एएसने एएसशी लग्न टाळावे. प्रत्यक्षात निर्दोष रक्ताचे घर म्हणते, ‘एस’ अक्षरच नको. म्हणजे ज्या लग्नात कसलाच धोका नाही तेच मोडते. मुलाचा पॅटर्न घरात झाकून राहतो, मुलीच्या पॅटर्नची गावभर चर्चा होते. मग कार्ड दाखवायचेच नाही हा मार्ग उरतो, आणि ज्या माहितीसाठी तपासणी केली तीच दडते.

हे कल्पनेतले भय नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात पाचांत एकाहून अधिक माणसे सिकलसेलची वाहक होती. तिथे सगळ्यांची तपासणी झाली, लग्नाआधी जोडीदाराचे रक्त पाहण्याचा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी स्टामाटोयान्नोपुलोस या संशोधकाने परत पाहणी केली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. वाहक-वाहक लग्नांचे प्रमाण योगायोगाने असते तेवढेच होते, अनेकांनी आपला पॅटर्न लपवला होता, आणि वाहक ही गावात खालची पायरी ठरली होती. अमेरिकेतही सत्तरच्या दशकातल्या घाईच्या तपासण्यांनंतर निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारल्याच्या तक्रारी झाल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने वाहकांवरची बंदी १९८१ मध्ये उठवली.

प्रतिपक्ष इथे सायप्रसचे नाव घेतो. तिथे चर्चमध्ये लग्न लावण्यासाठी थॅलेसेमिया तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि थॅलेसेमियाग्रस्त बाळांचे जन्म जवळजवळ थांबले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकीमुळे दुसरी घडली नाही. प्रमाणपत्र हातात आल्यावरही बहुतेक जोडप्यांनी लग्न केलेच. जन्म कमी झाले ते गर्भनिदानाने. इटलीच्या सार्डिनिया बेटावर अंतोनियो काओ या डॉक्टरांच्या कार्यक्रमाने थॅलेसेमियाग्रस्त बाळांचे प्रमाण अडीचशे जन्मांत एकावरून चार हजारांत एकावर आणले, तेही जोडप्यांना समजावून आणि गर्भनिदान देऊन. इराणने १९९७ पासून लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली. बरीच जोडपी वेगळी व्हायला तयार होईनात, तेव्हा त्या धर्माधिष्ठित राज्यालाही गर्भनिदान उपलब्ध करून २००५ मध्ये मर्यादित गर्भपाताचा कायदा करावा लागला. सौदी अरेबियाचा दाखला मात्र माझ्या विरोधात जातो आणि तो लपवणे बरे नाही. तिथे २००४ मध्ये धोक्यातल्या जोडप्यांपैकी दहात एकानेही लग्न मोडले नव्हते. २००९ पर्यंत निम्म्यांनी मोडले. म्हणजे सल्ल्याचा परिणाम होऊ शकतो. पण प्रत्येक विवाहासाठी सरकारी दाखला सक्तीचा असलेल्या देशातही निम्मी जोडपी उरतात. मेळघाटात, गडचिरोलीत, नागपूरच्या वस्त्यांत जिथे कित्येक लग्ने नोंदवलीही जात नाहीत, तिथे काय होईल?

शिवाय आज ज्यांच्या पोटी एसएस मूल जन्माला येण्याचा धोका आहे, ती जोडपी आधीच विवाहित आहेत. त्यांना कार्ड काय देणार?

त्यांना द्यायची गोष्ट ठरलेली आहे. गरोदर बाईची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी हा सरकारचाच निकष. त्याच दिवशी तिची सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी. ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. कामासाठी तो परगावी असेल तर तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त देण्याची चिठ्ठी. दोघेही वाहक असतील तर अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा घेता येतो, उशीर झाला तर सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल. त्यातल्या डीएनएमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकाचे एकच अक्षर बदलले आहे का, एवढेच पाहायचे असते. १९७८ मध्ये कान आणि डोझी या संशोधकांनी डीएनएवरून सिकलसेलच्या गर्भनिदानाची वाट दाखवली. आज हे तंत्र जुने झाले. मुंबईत परळला राष्ट्रीय रुधिरविकार संस्थेत ते वर्षानुवर्षे होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन विकार संशोधन केंद्राचे लोकार्पण झाले, त्याचा कार्यक्रम नागपुरातच झाला. आता नागपूरच्या डागा, मेयो, मेडिकल या तीन सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाला येणाऱ्या बाईला हे निदान रक्तदाब मोजण्याइतके सहज मिळाले पाहिजे.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे हे करता येत नाही, असे ग्रामीण डॉक्टरही म्हणताना आढळतात. हे चुकीचे आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यात ज्या कारणांसाठी गर्भनिदान करता येते त्यांच्या यादीत हिमोग्लोबिनचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत. नोंदणीकृत केंद्र हवे, बाईला समजेल अशा भाषेत लेखी संमती हवी, आणि लिंग सांगायचे नाही. या चौकटीत निदान पूर्ण कायदेशीर आहे. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारल्यानंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. म्हणूनच सोळाव्या आठवड्याऐवजी बाराव्यात निदान व्हावे. फार उशीर झाला की निर्णय जोडप्याच्या हातून वैद्यकीय मंडळाकडे आणि कोर्टाकडे जातो.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असाही एक आक्षेप येतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, हे खरे. पण सौम्य? नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांवर हायड्रॉक्सियुरिया या औषधाची चाचणी केली. रोज किलोमागे अवघ्या १० मिलिग्रॅमच्या ठरावीक मात्रेने वेदनेचे झटके, रक्त चढवणे आणि भरती होणे लक्षणीय कमी झाले; निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य आजारासाठी अशा चाचणीची गरजच पडली नसती.

राहतो सर्वांत गंभीर आक्षेप: गर्भनिदान म्हणजे गर्भपातच. तो मला मान्य नाही. दोन्ही वाहकांच्या चारांपैकी तीन गर्भांत एसएस नसते. पहिले मूल एसएस झाल्यावर भीतीने पुन्हा मूल होऊ न देणाऱ्या जोडप्यांना गर्भनिदान दुसरे मूल मिळवून देते. निदानानंतर गर्भ ठेवायचा की नाही हे त्या बाईने ठरवायचे. समुपदेशकाने तिला दोन्ही वाटांवर काय आहे ते सांगायचे आणि गप्प बसायचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तो रुग्णांनी आणि नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे हक्क मागितले त्यानंतर. तो हक्क गर्भ ठेवणाऱ्या आईच्या मुलाचाही आहे. तिला एसएस निदान आधी कळले असेल तर बाळाची तपासणी जन्मताच होते, दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन सुरू होते, न्यूमोकोकसची लस वेळेवर मिळते, आणि बाळाला पहिला ताप येईल तेव्हा त्या रात्री कोणत्या दवाखान्यात जायचे हे घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असते.